एकटा गिनीपिग पाळला तर काय बिघडतं?

२०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्राचा सोशल मीडिया एका हत्तिणीने व्यापला होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी, म्हणजेच गावकऱ्यांची लाडकी माधुरी. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातमध्ये जामनगरच्या वनतारात हलवायला हिरवा कंदील दिला. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयातही हा निर्णय टिकला. तिला निरोप देताना गाव रडलं, नंतर मोर्चे निघाले, लोकांनी सिमकार्ड बदलायची मोहीम चालवली. हे सगळं तुमच्या फीडवर येऊन गेलंच असेल.

त्या गदारोळात एक मुद्दा मात्र नीट चर्चेला आलाच नाही. तिला हलवण्याच्या बाजूने पायाच्या आजारांची कारणं दिली गेली, तसंच हेही सांगितलं गेलं की हत्ती कळपात राहणारा प्राणी आहे आणि ही तीसेक वर्षं एकटी राहिली आहे. त्यावर गावाचं उत्तर होतं, "एकटी कशी? अख्खं गाव तिचं होतं की."

कोण बरोबर, याचा निवाडा इथे करायचा नाहीये. पण दोन्ही बाजूंच्या मधोमध एक खरा प्रश्न उभा आहे. माणसाचं प्रेम प्राण्याच्या स्वतःच्या जातीच्या सोबतीची जागा घेऊ शकतं का?

हत्ती काही कुणी फ्लॅटमध्ये पाळत नाही. पण हाच प्रश्न शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या वन बीएचके घरातही येऊन बसतो, फक्त आकाराने एक किलोचा होऊन. कुत्र्याला फिरवायला वेळ नाही, मांजर सोसायटीत चालत नाही आणि पोपट पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मग मुलांच्या हट्टापायी पिंजऱ्यात मावणारा, न चावणारा, कायद्याने पाळता येणारा एक प्राणी घरी येतो. तो म्हणजे गिनीपिग. आणि बहुतेक वेळा तो येतो एकटाच. "आधी एक नेऊन बघू, जमलं तर दुसरा आणू," असा साधा हिशोब असतो.

हाच हिशोब चुकतो, असं प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणारे सांगतात. का, ते समजून घेऊ.

गिनीपिग आहे तरी कोण?

नावात पिग असलं तरी डुकराशी त्याचं काही नातं नाही, आणि गिनी या आफ्रिकेतल्या देशाशीही नाही. तो उंदीर-घुशींसारखा कुरतडणारा प्राणी, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधला. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं, तेही खाण्यासाठी. पेरूमध्ये आजही त्याचं मांस आवडीने खाल्लं जातं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि तिथे लाडाचा प्राणी झाला. पुढे प्रयोगशाळांनी त्याला इतकं वापरलं की "आमचा गिनीपिग करू नका" हे वाक्य आपल्या बातम्यांमध्येही रुळलं.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे ते त्याच्या रानातल्या नातेवाइकांचं जगणं. हे प्राणी उंच गवतात छोट्या टोळ्या करून राहतात. एक नर, काही माद्या आणि त्यांची पिल्लं, असं साधारण कुटुंब असतं. त्यांना ना शिंगं, ना नख्यांचा धाक, ना झाडावर चढता येत. घार, साप, कोल्हा, सगळ्यांच्या ताटात ते बसतात. त्यांचं एकमेव संरक्षण म्हणजे एकमेकांचे कान आणि डोळे. एकाला धोका कळला की तो आवाज करतो आणि सगळे पळतात.

त्यामुळे गिनीपिगच्या मेंदूसाठी आजूबाजूला आपल्यासारखं कुणी असणं म्हणजे सुरक्षित असणं, आणि कुणीच नसणं म्हणजे सतत सावध राहणं. हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही ही वायरिंग बदललेली नाही.

हे फक्त भावनिक बोलणं आहे की विज्ञानही तेच सांगतं?

विज्ञानही तेच सांगतं, आणि बऱ्यापैकी ठामपणे.

जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं गिनीपिगच्या सामाजिक आयुष्याचा अभ्यास केला. त्यांच्या एका गाजलेल्या प्रयोगात नराला अनोळखी पिंजऱ्यात ठेवलं आणि त्याच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताण आल्यावर वाढणारं संप्रेरक, मोजलं. नर एकटा असताना ते चांगलंच वाढलं. सोबत अनोळखी मादी ठेवली, तरी फारसा फरक पडला नाही. नुसत्या तोंडओळखीची मादी ठेवली, तरीही नाही. पण ज्या मादीशी त्याचं जवळचं नातं होतं ती सोबत असताना मात्र ताणाची वाढ बरीच कमी राहिली.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, सोबतीमुळे गिनीपिगच्या शरीरातच फरक पडतो आणि तो मोजता येतो. दोन, कुणीही आणून शेजारी बसवला की सोबत झाली, असं नाही. नातं जुळावं लागतं. माणसांसारखंच म्हणा ना.

पिल्लांवरचे प्रयोगही हेच दाखवतात. आईपासून वेगळं काढून अनोळखी जागी ठेवलेलं पिल्लू शिट्टीसारखा आवाज काढत राहतं आणि त्याच्या शरीरात ताण वाढतो. आई जवळ असेल तर हा ताण आटोक्यात राहतो.

आणखी एक निरीक्षण घरी पाळणाऱ्यांसाठी फार कामाचं आहे. मोठ्या गटात वाढलेले नर अनोळखी नरासमोर आले तरी सहसा तुटून पडत नाहीत. लहानपणापासून एकटे किंवा फक्त एका मादीसोबत वाढलेले नर मात्र जास्त भांडखोर निघतात. म्हणजे दुसऱ्याशी कसं वागायचं हे गिनीपिगलाही शिकावं लागतं, आणि ते शिकायचं वय कोवळं असतं. "आधी एक वर्ष एकटा ठेवू, मग दुसरा आणू" या बेतात इथेच खोट आहे. वर्षभर एकट्याने काढल्यावर नव्याशी जमवून घेणं त्याला आणखी अवघड जातं.

स्वित्झर्लंडने तर कायदाच केला

गिनीपिगच्या एकटेपणाची गोष्ट निघाली की स्वित्झर्लंडचं नाव येतंच. १ सप्टेंबर २००८ पासून तिथे प्राणी संरक्षणाचे नवे नियम लागू झाले. त्यानुसार गिनीपिगसारख्या समूहात राहणाऱ्या प्राण्यांना स्वतःच्या जातीची सोबत देणं मालकावर बंधनकारक झालं. सोप्या भाषेत, घरात एकच गिनीपिग ठेवणं नियमात बसत नाही.

सोशल मीडियावर ही गोष्ट "बघा, कसले विचित्र कायदे" म्हणून फिरते. पण त्यातून एक खरी अडचण उभी राहिली. जोडीतला एक मेला तर काय करायचं? दुसरा आणावा, तर पुढे जुना मरतो आणि नवा एकटा पडतो. पुन्हा तिसरा आणा. ही साखळी संपतच नाही. यावर तिथे उपायही निघाला. मागे उरलेल्या म्हाताऱ्या गिनीपिगसाठी सोबती भाड्याने देण्याची सोय एका महिलेने सुरू केली. घरचा गिनीपिग गेला की भाड्याने आणलेला परत करायचा.

ऐकायला गंमत वाटते. पण सोबतीचा विचार फक्त प्राणी घरी आणतानाच नाही तर एक गेल्यानंतरही करावा लागतो, हे तिथल्या लोकांना नियमामुळे उमगलं.

भारतात कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे गिनीपिग कायद्याच्या नजरेतून पूर्ण सुटलेला नाही. केंद्राच्या २०१८ च्या पेट शॉप नियमांमध्ये "पाळीव प्राणी" कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. त्यात कुत्रा, मांजर, ससा यांच्यासोबत गिनीपिगचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. हे नियम दुकानदारासाठी आहेत. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, प्राण्यांना ठेवायची जागा नीट हवी, नोंदी ठेवायला हव्यात.

प्राणी एकदा दुकानातून घरी आला की लागू होतो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ११ प्रमाणे हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं, त्याला पुरेसं खाणं-पाणी-निवारा न देणं, कारण नसताना त्याला वाऱ्यावर सोडणं हे गुन्हे आहेत. शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. साठ वर्षांपूर्वी ही रक्कम मोठी असेल, आज तेवढ्यात रिक्षाने धड स्टेशनही गाठता येत नाही. आणि या कलमाच्या यादीत "सोबत" हा शब्द नाही.

पण न्यायालयाने या दिशेने एक पाऊल टाकलेलं आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यतींबद्दलचा निकाल दिला. शर्यतींचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कायदे बदलले आणि २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारे बदल वैध ठरवले. पण २०१४ च्या त्या निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांची चर्चा आहे. भूक-तहान, गैरसोय, दुखणं-आजार आणि भीती यांपासून मुक्ती ही चार, आणि पाचवं म्हणजे आपल्या जातीला साजेसं वागण्याचं स्वातंत्र्य. टोळीत राहणाऱ्या प्राण्याने टोळीसारखं वागायचं तर दुसरा हवाच, नाही का?

यात एक विरोधाभासही आहे. प्रयोगांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांवर देखरेख ठेवायला केंद्र सरकारची समिती आहे. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. या समितीच्या मार्गदर्शक सूचना प्रयोगशाळांना सांगतात की प्राणी समूहात राहणारा आहे की नाही हे बघा, आणि असेल तर त्याला गटात ठेवण्याचा विचार करा. म्हणजे प्रयोगशाळेतल्या गिनीपिगच्या सोबतीचा विचार कागदावर तरी झाला आहे. आपल्या हॉलमधल्या लाडक्याचा विचार मात्र पूर्णपणे आपल्या मर्जीवर सोडलेला आहे.

"पण आमचा तर आमच्यातच रमतो!"

हा युक्तिवाद खोटा नाही. गिनीपिग माणसाला ओळखतो. फ्रीज उघडल्याचा किंवा कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेतो. मांडीवर बसतो, गुरगुरतो. मुलं त्याच्याशी खेळतात.

पण घड्याळ लावून बघा. शहाडहून सीएसएमटी गाठायला लोकलने सव्वा-दीड तास लागतो. टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा लोकल पकडणारा माणूस सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री आठला परततो. मुलं शाळेत, मग क्लासला. गिनीपिगच्या वाट्याला दिवसातून तास, फार तर दीड तास येतो. उरलेले बावीस-तेवीस तास? तो काही रात्रभर गाढ झोपणारा प्राणी नाही. दिवसा आणि रात्री थोडं झोपायचं, थोडं जागायचं, खायचं, इकडेतिकडे फिरायचं, असं त्याचं चक्र चोवीस तास चालतं. म्हणजे आपण झोपलेलो असतानाही तो अनेकदा जागा असतो.

शिवाय माणूस त्याची भाषा बोलत नाही. एकमेकांमागे रांगेत चालणं, अंगाला अंग लावून बसणं, खाण्यावरून नाक वर करून हलकं भांडण, वेगवेगळ्या आवाजात सतत चाललेली कुजबुज, यातलं आपण काय देऊ शकतो? कितीही जीव लावला तरी आपण त्याच्यासाठी चांगला पाहुणा असतो. घरचा माणूस नाही.

आणि एकट्याचं दुःख दिसतही नाही. शिकार होणारे प्राणी दुखणं लपवतात. एकटा गिनीपिग ओरडत नाही, तोडफोड करत नाही. तो नुसता गप्प होतो, कोपऱ्यात बसतो, कमी फिरतो, कधी पिंजऱ्याची सळई चावत राहतो. आपण म्हणतो, "किती शांत आहे!"

मग जोडी कुठली? इथेच सगळ्यात मोठ्या चुका होतात

सोबत हवी म्हणून उद्याच जाऊन कुठलाही दुसरा गिनीपिग आणू नका. चुकीची जोडी एकटेपणापेक्षा वाईट ठरू शकते.

*नर-मादी नको.* गिनीपिगची मादी चारेक आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते, नर तर तीन आठवड्यांत तयार होतो. साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात, एका वेळी दोन ते चार. आणि बाळंतपणानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. वर्षभरात घराचं काय होईल ते तुम्हीच मोजा. दुसरा धोका मादीच्या जिवाला असतो. सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत एकदाही बाळंत न झालेल्या मादीच्या कंबरेची हाडं जुळून घट्ट होतात. त्यानंतर पहिल्यांदा गाभण राहिली तर पिल्लू अडकून ती दगावू शकते.

*दोन माद्या* हा सगळ्यात सोपा पर्याय. *दोन नर* राहू शकतात, विशेषतः एकाच आईची पिल्लं असतील तर. पण त्यांना जागा जास्त लागते आणि आसपास मादी नको. *निर्बीजीकरण केलेला नर आणि मादी* ही जोडीही छान जमते, पण शस्त्रक्रिया अशा छोट्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्यायची. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नर पिल्लं देऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर सांगतील तेवढे दिवस दोघांना वेगळं ठेवायचं.

*दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.* लहान पिल्लात नर-मादी ओळखणं अवघड असतं आणि चुका सर्रास होतात. घरी आणल्याबरोबर डॉक्टरकडून तपासून घ्या.

*ससा म्हणजे सोबत नव्हे.* दोघं गोंडस, दोघं गवत खातात, म्हणून त्यांना एकत्र ठेवण्याचा मोह होतो. पण सशाच्या एका लाथेने गिनीपिगला गंभीर इजा होऊ शकते. सशाच्या अंगात निरुपद्रवी राहणारे काही जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करू शकतात. आणि दोघांचं खाणंही एक नाही. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे त्याला ढोबळी मिरची, कोथिंबीर अशा गोष्टींतून ते रोज द्यावं लागतं. सशाला त्याची गरज नसते.

दोघांची ओळख कशी करून द्यायची?

नवा आल्यावर किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे एखादा आजार असेल तर कळेल. मग काही दिवस जाळीच्या दोन बाजूंना शेजारी-शेजारी ठेवा. त्यानंतर दोघांनाही नवी असेल अशा मोकळ्या जागेत भरपूर गवत टाकून सोडा. लपायला खोके ठेवा, पण प्रत्येकाला दोन तोंडं हवीत, म्हणजे कुणी आत कोंडला जाणार नाही.

थोडा पाठलाग, गुरगुर, एकमेकांवर चढणं हे होणारच. आपल्यात मोठं कोण, हे ते ठरवत असतात. घाबरून लगेच वेगळं करू नका. पण दात कडकडा वाजवणं थांबतच नसेल, किंवा चावून रक्त आलं, तर लगेच सोडवा. हात मध्ये घालू नका, टॉवेल टाका.

जागेचं गणित वाटतं तेवढं कठीण नाही. दोघांसाठी किमान साडेसात चौरस फूट जागा लागते, साडेदहा असेल तर उत्तम. म्हणजे साधारण अडीच फूट रुंद आणि सव्वाचार फूट लांब. ही जागा जमिनीवरची हवी. ते चढत नाहीत, त्यामुळे मजल्यांच्या उंच पिंजऱ्याचा उपयोग नाही. एकट्यालाही नीट फिरायला साडेसात चौरस फूट लागतातच, म्हणजे दुसऱ्यामुळे जागा दुप्पट होत नाही. खर्च वाढतो तो मुख्यतः खाण्याचा आणि डॉक्टरचा.

आणि पिंजरा बाल्कनीच्या ग्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवू नका. थंड डोंगरातला हा प्राणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपुढे त्रासू लागतो. बदलापूर-अंबरनाथकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. तिथे दोन असोत की एक, उन्हात दोघंही वाचणार नाहीत.

एकटा ठेवणं कधीच योग्य नसतं का?

असतं. संसर्गाचा आजार असलेला, शस्त्रक्रियेतून बरा होणारा, किंवा खूप प्रयत्न करूनही प्रत्येकाला चावणारा गिनीपिग एकटा ठेवावा लागतो. पण तेव्हाही जाळीपलीकडे दुसरा असावा. स्पर्श नसला तरी वास आणि आवाज मिळतो.

जोडीतला एक गेला तर उरलेल्याच्या खाण्यावर लक्ष ठेवा. गिनीपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही तर ती तातडीची बाब समजून डॉक्टर गाठा. तो म्हातारा असेल तर पिल्लू आणण्यापेक्षा दुसऱ्या कुणाचा एकटा पडलेला वयस्कर गिनीपिग घरी आणता येतो. किंवा जिथे आधीच गिनीपिग आहेत अशा जबाबदार घरी आपला देता येतो. स्विस लोकांची साखळी तोडायची ही आपल्याला जमणारी पद्धत.

"नको झाला" म्हणून उल्हास नदीच्या काठावर किंवा बागेत सोडून देणं मात्र पर्याय नाही. कुत्री, मांजरं, घारी यांच्यापुढे तो एक दिवसही काढणार नाही. आणि वर सांगितलं तसा तो गुन्हाही आहे.

थोडक्यात काय?

घरात आधीच एकटा असेल तर अपराधी वाटून घेण्यापेक्षा डॉक्टरकडून त्याचं लिंग, वय आणि तब्येत तपासून घ्या आणि योग्य सोबती शोधा. अजून आणलेला नसेल तर आणण्याआधी घरात एकच प्रश्न विचारा: आपल्याला दोन झेपतील का? जागा, पैसा, रोजची सफाई, आणि पाच ते आठ वर्षांची जबाबदारी. मुलगा आज पाचवीत असेल तर तो बारावीला जाईपर्यंत.

उत्तर "नाही" असेल तर एकही आणू नका. गिनीपिगच्या बाबतीत मोजणी दोनपासूनच सुरू होते.